पुण्यात वीज केबल आणि फायबर नव्या पद्धतीने कसं टाकायचं: सर्व्हेपासून नकाशा हातात देईपर्यंत

बाणेर, खराडी, वाघोली, मोशी, जिकडे बघाल तिकडे नवीन टॉवर उभे राहतायत, प्रत्येकाला वीज पण हवी आणि फायबर पण हवं, आणि हे दोन्ही आता बहुतेक जमिनीखालूनच येतं. कामाची पद्धत मात्र बऱ्याच साईटवर अजून तीच आहे, जेसीबी आणायचा, चर मारायचा, केबल टाकायची, माती ढकलायची आणि बिल लावायचं. सहा महिन्यांनी दुसरी टीम येते, तिला खाली काय आहे ते कोणीच सांगू शकत नाही, बकेट केबलला लागते, अख्ख्या भागाची लाईट जाते, आणि कधी कधी ऑपरेटरचा जीव पण जातो.

हा लेख साईट इंजिनिअर, सुपरवायझर आणि छोट्या कॉन्ट्रॅक्टरसाठी आहे, शिवाय ज्या सोसायटीच्या कमिटीला समोर चाललेलं काम नीट चाललंय का हे कळायला हवं त्यांच्यासाठी पण. माझं म्हणणं एकच आहे, मशीन भाड्याने कोणालाही मिळतात, पण काम खरंच आधुनिक कधी होतं तर खोदायच्या आधी खाली काय आहे ते बघितलं आणि बुजवायच्या आधी आपण काय टाकलं ते मोजून लिहिलं तेव्हा. बाकी सगळं या दोन्हीच्या मध्ये येतं. समजायला सोपं जावं म्हणून असं धरू की सव्वा किलोमीटर २२ केव्हीची (२२ हजार व्होल्टची) केबल टाकायची आहे आणि त्याच मार्गावर फायबरसाठी दोन डक्ट, म्हणजे फायबर आत घालायच्या प्लॅस्टिकच्या नळ्या.

पहिलं काम कागदाचं

त्या रस्त्याखाली कोणाकोणाचं काय आहे त्याची यादी करा. पुण्यात साधारण एवढं असतंच: महावितरणच्या एलटी (कमी दाबाच्या) आणि एचटी (उच्च दाबाच्या) केबल, बीएसएनएलच्या जुन्या तांब्याच्या केबल, तीन-चार खाजगी कंपन्यांचं फायबर, एमएनजीएलची गॅस लाईन, महापालिकेचं पाणी, ड्रेनेज, पावसाळी गटार, सिग्नल आणि स्ट्रीटलाईटच्या केबल, आणि काही रस्त्यांवर महापारेषणची अतिउच्चदाबाची केबल. प्रत्येकाच्या ऑफिसात जाऊन ड्रॉइंग मागायचं, आणि ड्रॉइंग मिळालं तरी त्यावर विसंबून खोदायचं नाही, कारण बरीचशी ड्रॉइंग कामाच्या आधी काढलेली असतात, प्रत्यक्षात झाड आडवं आलं म्हणून लाईन कुठे वळवली ते त्यात नसतं.

तुमचं काम पेठांमध्ये असेल तर अजून एक गोष्ट. पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकात, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणायला जमिनीखालून बांधीव नळ टाकला होता, मध्ये मध्ये हवेसाठी उच्छ्वास आणि हौद होते, आणि त्याचे भाग अजून खाली आहेत. वीज किंवा गॅसच्या कुठल्याच ड्रॉइंगवर तो दिसणार नाही. या पट्ट्यात खोदाई असेल तर महापालिकेच्या हेरिटेज विभागाला आधीच विचारा, आणि खोदताना चुन्यातलं दगडी किंवा विटांचं बांधकाम लागलं की तिथेच थांबा.

मग रस्ता कोणाचा ते बघा. महापालिकेचा असेल तर पथ विभाग, पण पिंपरी-चिंचवड वेगळी, छावणीचा भाग वेगळा, हिंजवडीत एमआयडीसी, बाहेरच्या भागात पीएमआरडीए किंवा सार्वजनिक बांधकाम, बायपासला राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, रेल्वे ओलांडायची तर रेल्वे. मुठा उजवा कालवा ओलांडायचा असेल तर जलसंपदा विभाग, आणि तिथे खरंच घाई करू नका, २७ सप्टेंबर २०१८ ला कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाच्या परिसरात किती घरांत पाणी शिरलं ते पुणेकरांनी बघितलंय. ट्रॅफिक पोलिसांची एनओसी वेगळी लागते.

टेलिकॉमच्या कामाला आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे राईट ऑफ वे (लाईन टाकायला जागा वापरण्याच्या परवानगीचे) नियम आहेत, ते १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले, म्हणजे अर्ज पोर्टलवरून जातो. आणि ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप वापरा, ते २२ मार्च २०२३ ला सुरू झालं. आपण कुठे खोदणार ते त्यात टाकलं की त्या जागी ज्यांच्या लाईन नोंदलेल्या आहेत त्यांना मेसेज जातो आणि आपल्याला त्यांचे संपर्क मिळतात. ॲपमध्ये ज्याची नोंदच नाही तो दिसणार नाही हे उघड आहे, पण कळवल्याचा पुरावा राहतो आणि समोरचा माणूस साईटवर येऊन उभा राहतो, हा फायदा मोठा आहे.

वेळेचं गणित पण आत्ताच करा. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर तातडीची दुरुस्ती सोडली तर खोदाईला परवानगी साधारण मिळत नाही. म्हणजे सर्व्हे आणि अर्ज पावसाळ्यात उरकायचे आणि दिवाळीनंतर खोदायला उतरायचं. ज्यांनी ऑक्टोबरात सर्व्हे सुरू केला त्यांची मे महिन्यात धावपळ होते आणि मग नको ते शॉर्टकट घेतले जातात.

जमिनीखाली बघायचं कसं

इथे पैसा आणि वेळ दोन्ही घाला, पुढे सगळं वसूल होतं.

दोन यंत्रं लागतात. पहिलं केबल लोकेटर. ते दोन प्रकारे चालतं, एक म्हणजे नुसतं घेऊन फिरायचं, लोड असलेल्या केबलमधून ५० हर्ट्झचा करंट जात असतो तो ते पकडतं. पण ज्या केबलवर लोड नाही ती यात दिसत नाही, आणि तीन कोअरच्या केबलमध्ये तिन्ही फेज सारखे असतील तर सिग्नल इतका कमी येतो की चालू एचटी केबल सुद्धा निसटते. म्हणून ट्रान्समीटर लावून दुसऱ्या पद्धतीने पुन्हा फिरायचं, म्हणजे फीडर पिलर (रस्त्याकडेची वीज वाटपाची पेटी) किंवा आरएमयू (एचटी केबलची स्विचची पेटी) जवळ त्या केबलवर क्लॅम्प लावून सिग्नल सोडायचा आणि वर चालत त्याच्या मागे जायचं. अर्थात पिलर उघडणं, क्लॅम्प लावणं हे महावितरणचा माणूस हजर असतानाच. आर्मर (धातूचं कवच) नसलेल्या फायबरमध्ये धातूच नसतो त्यामुळे लोकेटरला ते कळत नाही, डक्ट रिकामी असेल तर आत सोंड (सिग्नल सोडणारं छोटं यंत्र) सरकवून वरून शोधता येते. गॅसची पिवळी प्लॅस्टिकची लाईन सुद्धा सोबत ट्रेसर वायर नसेल तर दिसणार नाही.

दुसरं यंत्र जीपीआर, म्हणजे जमिनीत रडार सोडून परत येणाऱ्या लहरी बघायच्या. यात प्लॅस्टिक, सिमेंट, पोकळी सगळ्याचा अंदाज येतो. साधारण ४०० मेगाहर्ट्झच्या अँटेनाने जमीन चांगली असेल तर दोन मीटरपर्यंत दिसतं. पण ओल्या काळ्या मातीत लहर शोषली जाते. मांजरी, हडपसरकडच्या काळ्या जमिनीत पावसाळा संपल्या संपल्या स्कॅन केलंत तर वरच्या अर्ध्या मीटरखाली चित्र धूसर होतं, तिथलं स्कॅन मात्र पावसाळ्याच्या आधी उन्हाळ्यातच उरका. पाषाण-बाणेरच्या कोरड्या मुरमात चांगलं दिसतं, फक्त भरावात मोठे दगड असले की प्रत्येक दगड पाइपसारखा वाटतो. स्कॅन करताना रस्त्याच्या लांबीने एकदाच मशीन ढकलत नेलं असं करू नका, आडव्या-उभ्या रेघा मीटर-मीटरवर घ्या, कारण पाइप आडवा कापला तरच तो नीट उमटतो.

जे सापडलं ते लगेच रस्त्यावर रंगाने मारा आणि फोटो काढा. दोन दिवसांनी मारू म्हटलं तर मारलं जात नाही.

आणि तरीही हा सगळा अंदाजच आहे. खात्री फक्त ट्रायल पिटने, म्हणजे खाली काय आहे ते बघायला खोदलेल्या छोट्या खड्ड्याने होते. प्रत्येक वळणावर, प्रत्येक क्रॉसिंगवर, एचडीडीच्या (रस्ता न फोडता मशीनने जमिनीखालून आडवं भोक पाडण्याच्या) दोन्ही टोकांना, आणि सरळ मार्गावर पण माझ्या मते पन्नासेक मीटरवर एक, असे पिट हाताने खोदायचे. मीटर बाय मीटरचा खड्डा, दीड मीटरपर्यंत. पहार सरळ खाली जोरात घालायची नाही, वरचा डांबराचा थर फोडला की पुढे फावड्याने थरथर माती काढायची, इन्सुलेटेड हँडलची हत्यारं आणि हातमोजे घालून. आता नीट लक्ष द्या. माती काढता काढता मध्येच बारीक वाळू लागली, किंवा विटा आडव्या ओळीने मांडलेल्या दिसल्या, किंवा लाल टेप वर आली, तर हात थांबवा. मुरमात वाळू आपोआप येत नाही, ती कोणीतरी केबलभोवती भरलेली असते. विटेखाली लगेच एचटी केबल आहे असंच समजायचं. विटा उचलायच्या त्या एकेक हाताने, खाली ब्रशने वाळू बाजूला करायची, केबल दिसली की टेप लावून फोटो घ्यायचा: वरच्या कडेची खोली, कर्बपासून अंतर, केबलचा अंदाजे व्यास, आर्मर गंजलाय का.

सापडलेली केबल बंद आहे असं कोणी तोंडी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ज्याची केबल आहे त्याच्या माणसाने तपासून, अर्थिंग करून, लेखी दिल्याशिवाय ती चालूच आहे.

कुठे चर, कुठे एचडीडी

सगळीकडे एचडीडीच आधुनिक असं एक खूळ आलंय, ते डोक्यातून काढा. मोकळा फूटपाथ आहे, पेव्हर ब्लॉक आहेत, तर ब्लॉक उचलून चर मारून पुन्हा बसवणं स्वस्त आणि जास्त खात्रीचं, कारण केबल डोळ्यांसमोर टाकली जाते. एचडीडी लागतं ते काँक्रीटचा रस्ता, मोठा चौक, नाला, झाडांच्या मुळांखाली. मायक्रो ट्रेंचिंग म्हणजे चाकाच्या कटरने दोन-चार सेंटीमीटर रुंद आणि वीतभर-दोन वीत खोल खाच मारून फायबर बसवणं, काम एका रात्रीत होतं, पण पुण्यात रस्ता पुन्हा करताना वरचा थर मिलिंगने खरवडतात, त्यात उथळ फायबर गेलंच समजा, म्हणून मी ते फक्त सोसायटीच्या आतल्या रस्त्यांना सुचवीन.

चर मारताना खोलीचं भान ठेवा. आयएस १२५५ प्रमाणे एलटी केबलला ७५ सेंटीमीटर, ३.३ ते ११ केव्हीला ९०, २२ आणि ३३ केव्हीला १०५ सेंटीमीटर, आणि रस्ता ओलांडताना कमीत कमी १ मीटर. पॉवर केबल आणि टेलिकॉमची डक्ट यांच्यात किमान ३० सेंटीमीटर, गॅस आणि पाण्याच्या लाईनपासून पण तेवढंच. आपल्या उदाहरणात २२ केव्ही खाली आणि फायबरच्या डक्ट बाजूला वर, म्हणजे फायबरवाला दुरुस्तीला आला तर त्याला एचटीपर्यंत जावंच लागत नाही. दोन्ही कामं एकाच चरात करायची तर दोन्ही कंपन्यांचं आधी जमवावं लागतं, पत्रं पाठवा, मीटिंग लावा, त्रास होतो, पण रस्ता एकदाच फुटतो आणि रिस्टोरेशनचा खर्च वाटला जातो. पुण्यात खोदाईचं शुल्क मीटरला हजारांत जातं त्यामुळे हा हिशोब कोणालाही पटतो.

चर दीड मीटरपेक्षा खोल गेला की बाजूंना आधार द्या, आयएस ३७६४ तेच सांगतं. मुरूम कोरडा असताना भिंतीसारखा उभा राहतो आणि पाण्याचा टँकर शेजारून गेला की ढासळतो. उपसलेली माती चराच्या अगदी कडेला रचू नका. लोकांच्या गेटसमोर लोखंडी प्लेट, रात्री दिवे, ज्येष्ठ नागरिकांना चालायला जागा, हे सगळं पहिल्या दिवसापासून.

खाली चाळलेली वाळू, केबल, वर पुन्हा वाळू, मग विटा किंवा कव्हर टाइल, मग माती, त्यात वॉर्निंग टेप, आणि माती १५-२० सेंटीमीटरच्या थरांनी दाबत वर यायचं. उकरलेले दगड तसेच आत ढकलू नका, टोकदार बेसाल्ट वरच्या आवरणात घुसतो आणि दोन पावसाळ्यांनी फॉल्ट येतो.

एचडीडी करताना

पुण्याची जमीन म्हणजे वर माती किंवा भराव, मग मुरूम, मग काळा पाषाण, आणि हा पाषाण कुठे एक मीटरवर लागतो कुठे पाचवर. मुरमात साधा बिट चालतो. अखंड काळ्या दगडात तो घासत राहतो, त्याला रॉकचं टूलिंग (दगड कापणारी हत्यारं) किंवा मड मोटर (चिखलाच्या दाबाने बिट फिरवणारी मोटर) लागते, आणि ते नसलेली मशीन घेऊन आलेला माणूस दगड लागला की बोअर वर उचलतो, जिथे तुमची गॅस आणि पाणी बसलंय. म्हणून रेट ठरवायच्या आधी ट्रायल पिटमधला दगड त्याला दाखवा.

क्रम असा: पायलट बोअर (पहिलं बारीक भोक), मग रीमर फिरवून भोक मोठं करणं, मग पाइप ओढून घेणं. पाइपचा आतला व्यास केबलच्या किमान दीडपट धरा आणि भोक पाइपच्या दीडपट, म्हणजे १६० मिलिमीटरचा पाइप असेल तर रीमिंग २४० च्या आसपास. वर लोकेटर घेऊन चालणारा माणूस प्रत्येक रॉडला खोली आणि कल वाचतो, छोट्या मशीनचे रॉड साधारण ३ मीटरचे असतात, म्हणजे ३-३ मीटरवर एक आकडा. हे आकडे तिथल्या तिथे छापील फॉर्मवर लिहून घ्या, सही घ्या. संध्याकाळी अंदाजाने भरलेला बोअर लॉग एका नजरेत ओळखू येतो, सगळे आकडे गोल असतात. शेजारी २२ केव्हीची केबल चालू असेल किंवा वर काँक्रीटमध्ये सळ्या असतील तर लोकेटर चुकतं, तिथे फ्रिक्वेन्सी बदलून पुन्हा वाचायचं. ज्या जागी गॅस किंवा एचटी ओलांडतोय तिथे खड्डा उघडा ठेवून ड्रिलचं डोकं खालून गेलेलं डोळ्याने बघायचं.

ड्रेनेजबद्दल फार कमी लोक बोलतात म्हणून सांगतो. बोअर कधी कधी ड्रेनेजच्या पाइपमधून आरपार जातो, वर काहीच कळत नाही, आणि काही महिन्यांनी लाईन चोकअप होते, मैला घरात येतो, सफाईवाला रॉड घालतो आणि तो आपल्याच पाइपला लागतो. त्यात गॅसची किंवा एचटीची लाईन असेल तर विचार करा. कामाच्या आधी आणि नंतर ड्रेनेजमध्ये कॅमेरा घालून व्हिडिओ घ्या.

ड्रिलिंगमध्ये वापरलेला बेंटोनाइटचा चिखल पावसाळी गटारात सोडायचा नाही, टँकरने उचला. एचडीपीई पाइप ओढताना ताणला जातो, एक दिवस तसाच सोडा मग टोकं कापा. आणि केबल जितकी खोल आणि शिवाय पाइपमध्ये, तितकी तिची उष्णता बाहेर पडायला अडचण, म्हणजे करंट कमी घेता येतो. चार मीटर खाली गेलात तर डिझाइनवाल्याला कळवा. सिंगल कोअर केबल असेल तर एकेक फेज लोखंडी पाइपमधून नेऊ नका, पाइप तापतो.

केबल ओढणं

ड्रम जॅकवर, केबल वरच्या बाजूने सुटेल असा. चरात रोलर, वळणावर उभे रोलर. ताण मोजायला डायनॅमोमीटर लावा, मजुरांच्या हाकेवर नको. पुलिंग आय (ओढायची कडी) कंडक्टरला लावली असेल तर ॲल्युमिनियमला ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे ३०० चौरस मिलिमीटरच्या तीन कोअरला ३ गुणिले ३०० गुणिले ३०, २७ हजार न्यूटन, साधारण पावणेतीन टन, त्याच्या वर नाही. वळणाची त्रिज्या कंपनीच्या शीटप्रमाणे, तीन कोअर २२ केव्हीला साधारण व्यासाच्या १५ पट. कापलेल्या टोकाला लगेच कॅप. उघडं टोक रात्रभर चरात राहिलं आणि पाणी भरलं तर तारांमधून पाणी मीटरच्या मीटर आत जातं.

जॉइंट

एचटी केबलचे फॉल्ट बघाल तर एक तर कोणीतरी खोदताना मारलेले नाहीतर जॉइंटचे. म्हणून इथे जॉइंटरला घाई करू देऊ नका, आणि त्याला चांगली जागा द्या: खड्डा दोन माणसं बसतील एवढा, खाली ताडपत्री, वर तंबू, भरपूर उजेड, पाणी नाही.

टोक कापून आधी बघायचं आत ओल आहे का. मग आर्मर, तांब्याची टेप, आणि इन्सुलेशनवरचा काळा सेमीकॉनचा (अर्धवाहक) थर किटमधल्या मापाप्रमाणे काढायचा. हा थर जिथे संपतो ती कड हा सगळ्यात नाजूक भाग आहे. पाते थोडं जास्त दाबलं तर पांढऱ्या इन्सुलेशनवर बारीक खाच पडते, बोटाने लागते पण दिसत नाही, आणि त्याच खाचेतून वर्षा-दोन वर्षांत डिस्चार्ज सुरू होऊन जॉइंट फुटतो. पॉलिश पेपरने ती घालवायची, मग सॉल्व्हंटच्या कापडाने पुसायचं, आणि पुसायची दिशा नेहमी पांढऱ्याकडून काळ्याकडे, उलटी केली तर कार्बन इन्सुलेशनवर पसरतो. एकदा वापरलेलं कापड पुन्हा नाही. कनेक्टर योग्य डायने दाबला की धारदार कडा घासून काढायच्या. हीट श्रिंकची ट्यूब मधून कडेकडे आकसवायची म्हणजे हवा अडकत नाही. अर्थची वेणी दोन्हीकडे पक्की. जवळ केबलचा थोडा लूप ठेवा, पुढे जॉइंट कापायची वेळ आली तर त्याचाच उपयोग होतो. तारीख, जॉइंटर, किटचा बॅच नंबर, सगळं फाइलला, आणि वर मार्कर.

फायबर

इथे डक्टच महत्त्वाची. साधारण ४०/३३ मिलिमीटरची एचडीपीई डक्ट, आतून गुळगुळीत थराची. टाकून झाली की आधी मँड्रेल (आतल्या मापाचा ठोकळा) घालून कुठे दबली नाही ना ते बघायचं, मग दोन्ही टोकं बंद करून हवेचा दाब धरायचा. या दोन टेस्ट चर बुजवून रस्ता करायच्या आधी घ्या. मग फायबर ओढायचं नाही, कॉम्प्रेसरने फुंकायचं, चांगल्या डक्टमध्ये एका दमात किलोमीटरभर सहज जातं. चेंबर प्रीकास्ट आणा, विटांचं बांधत बसलात तर रस्ता आठवडाभर उघडा राहतो.

स्प्लाइस (फायबरचे जोड) झाल्यावर ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून तो कुठे कमी होतो ते दाखवणारं यंत्र, १३१० आणि १५५० नॅनोमीटर दोन्हीवर, आणि दोन्ही टोकांकडून. एकाच बाजूने घेतलं तर काही स्प्लाइस खोट्या चांगल्या दिसतात. १३१० वर चांगली पण १५५० वर जास्त लॉस दाखवणारी जागा म्हणजे तिथे फायबर कुठेतरी जास्त वळलंय, ट्रे उघडून बघा. घरापर्यंतच्या जीपीऑनला साधारण २८ डीबीचं बजेट असतं, म्हणजे वाटेत प्रकाश एवढा कमी झाला तरी चालतं, त्यातले १:३२ स्प्लिटरच (एका फायबरचे ३२ भाग करणारा) १७ च्या आसपास खातो, ५ किलोमीटर फायबर पावणेदोन, मग कनेक्टर आणि स्प्लाइस. म्हणजे हिशोब २०-२१ पर्यंत यायला हवा. २६ आला तर चालतंय म्हणून सोडू नका, पुढच्या चार दुरुस्त्यांना काहीच उरत नाही.

टेस्ट आणि चार्जिंग (केबल चालू करणं)

मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणं), बाहेरच्या आवरणाची टेस्ट, आणि मग व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या उच्च दाबाची टेस्ट). एक्सएलपीई (प्लॅस्टिकच्या इन्सुलेशनच्या) केबलला जुन्या सवयीने डीसी हायपॉट (डीसीचा उच्च दाब लावून टेस्ट) लावू नका, इन्सुलेशनमध्ये चार्ज साठून राहतो आणि चालू केल्यावर त्रास देतो. १२.७/२२ केव्हीच्या नव्या केबलला ०.१ हर्ट्झवर साधारण ३८ केव्ही, १५ मिनिटं. आवरणाच्या टेस्टमध्ये चर बुजवताना कुठे दगड घुसला असेल तर तेव्हाच कळतं. चार्जिंगचा शटडाऊन आधी मागा, पुण्यात देखभालीची कामं जास्त करून गुरुवारी असतात त्यात बसवता आलं तर लोकांना वेगळा त्रास नाही. परमिट हातात, डिस्चार्ज रॉड लावलेला, दोन्ही टोकांना बोर्ड, मगच हात लावायचा. फोनवरच्या ‘झालं, लावा’ वर कोणी काम सुरू करायचं नाही, मग साहेब कितीही ओळखीचे असोत.

नकाशा

हे काम शेवटी करायचं नसतं, चर उघडा असतानाच करायचं असतं. केबल टाकली, वाळूच्या आधी, प्रत्येक १० मीटरला, प्रत्येक वळणाला आणि प्रत्येक जॉइंटला जीएनएसएस रोव्हर (उपग्रहांवरून जागा मोजणारं सर्व्हेचं यंत्र) केबलच्या वर ठेवून पॉइंट घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाचं कॉर्स नेटवर्क, म्हणजे कायम चालू असलेल्या संदर्भ स्टेशनांचं जाळं आहे, त्याची दुरुस्ती घेतली तर काही सेंटीमीटरपर्यंत अचूक येतं. मोबाइलचं जीपीएस नको, ते चार-पाच मीटर इकडेतिकडे सांगतं, म्हणजे रस्त्याची बाजूच बदलते. सदाशिव-नारायण पेठेसारख्या अरुंद गल्लीत आकाशच दिसत नाही, तिथे टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं सर्व्हेचं यंत्र), नाहीतर साध्या टेपने दोन पक्क्या जागांपासून अंतर. पक्की जागा म्हणजे इमारतीचा कोपरा; विजेचा खांब किंवा पानाची टपरी चालणार नाही, कारण त्या हलतात.

प्रत्येक पॉइंटला खोली लिहा, पण ती कशापासून मोजली ते पण लिहा, कारण रस्ता दरवेळी नवा थर टाकून वर येतो आणि ‘एक मीटर’ चा दीड मीटर होतो. समुद्रसपाटीपासूनची उंची असेल तर हा प्रश्नच राहत नाही. वाटेत ज्या दुसऱ्यांच्या लाईन दिसल्या त्या पण टाका, आपल्या नसल्या तरी.

फाइल जीआयएसमध्ये (नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडेल अशी द्या, नुसती पीडीएफ नको. एक प्रत वीज कंपनीला, एक पथ विभागाला, एक टेलिकॉमवाल्याला. फायबरच्या दुसऱ्या रिकाम्या डक्टमध्ये दोरी ओढून ठेवा, दोन्ही टोकांना कॅप, चेंबरच्या आत डक्टचा नंबर रंगाने. सोसायटीत जिथे लाईन आत येते तिथला तेवढाच भाग ए-थ्रीवर काढून, लॅमिनेट करून मीटर रूमच्या भिंतीवर लावा आणि सेक्रेटरींना जागेवर उभं राहून दाखवा की केबल गेटच्या कोणत्या बाजूने येते. रेन वॉटर हार्वेस्टिंगचा खड्डा किंवा इव्ही चार्जर लावायला उद्या तेच लोक खोदणार आहेत.